पिरेअस ते सीरोस फेरी: प्रवास पावणेचार तासांचा, पण बंदरावर तासभर आधी जाच

सप्टेंबरच्या शेवटी मी, नवरा आणि सासूबाई असे तिघं अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून सीरोस या ग्रीक बेटावर जाऊन आलो, मोठ्या कार फेरीने, म्हणजे गाड्या-ट्रक पण नेणाऱ्या जहाजाने, हायस्पीड बोटीने नाही, आणि मला त्या फेरीबद्दलच लिहायचंय. ग्रीक बेटांबद्दल भरपूर लिहिलं जातं, पण फेरीचा विषय निघाला की लोक एवढंच सांगतात की लेट झाली आणि कॉफी महाग होती. दोन्ही खरंय, पुढे सांगतेच. पण ग्रीसची बेटं जगतात कशावर आणि पिरेअस बंदराला एवढं महत्त्व का, हे डोळ्यांनी बघायचं असेल तर या फेरीसारखी दुसरी जागा मला तरी माहीत नाही. इकॉनॉमीचं तिकीट आम्हाला माणशी साधारण चाळीस युरोला पडलं.

आधी कामाचं सांगते. पिरेअस अथेन्सला अगदी चिकटून आहे पण गाव वेगळं, महापालिका वेगळी. अथेन्समधल्या मोनास्तिराकी स्टेशनवरून मेट्रोची हिरवी लाइन पकडली की वीस-पंचवीस मिनिटांत शेवटचं स्टेशन पिरेअस, तिकीट १.२० युरो. ही हिरवी लाइन म्हणजे मुळात १८६९ साली सुरू झालेली अथेन्स-पिरेअस रेल्वे, हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे. ऑक्टोबर २०२२ पासून विमानतळावरून येणारी निळी लाइन पण थेट पिरेअसला येते, त्यामुळे बॅगा घेऊन मधे गाडी बदलायची कटकट गेली, फक्त विमानतळाचं तिकीट वेगळं असतं आणि ते बरंच महाग आहे.

बंदराला ई-१ ते ई-१२ अशी गेटं आहेत आणि ती एका ओळीत चिकटून नाहीत, बंदराच्या गोलाभोवती पसरलीत. सिक्लाडीझ बेटांच्या (सीरोस त्यातलंच एक) बऱ्याच फेऱ्या मेट्रोच्या समोरच्या बाजूने सुटतात, एजिना-हायड्रा वगैरे जवळची बेटं ई-८ ला, पण तुम्ही क्रीट किंवा ऱ्होड्सला चालला असाल तर गेट पार पलीकडच्या टोकाला असतं आणि बॅग ओढत चालत जाणं म्हणजे शिक्षा आहे, बंदराच्या आतून फुकट बस फिरते तिच्यात बसा. गेट नंबर आदल्या दिवशी परत एकदा चेक करा, बदलतो कधीकधी.

आमची फेरी सकाळी साडेसातची होती आणि आम्ही सहाच्या थोडं नंतर पोचलो. नवऱ्याची कुरकुर चालू होती की एवढ्या लवकर कशाला, पण तो एक तास या सगळ्या प्रवासातला सगळ्यात भारी तास ठरला. फेरी धक्क्याला पाठ करून उभी असते, मागचा भलामोठा दरवाजा उघडून खाली टेकवलेला, आणि आधी ट्रक आत जातात. बहुतेक सगळे उलटे. म्हणजे ड्रायव्हर आरशात बघत रिव्हर्समधे तो अख्खा ट्रेलर जहाजाच्या पोटात घालतो, कारण बेटावर पोचल्यावर सरळ बाहेर पडायला हवं, तिथे जहाज पाच-दहा मिनिटंच थांबतं. आत उभा असलेला खलाशी नुसती बोटं हलवत ओरडत असतो, "एला, एला, एला", म्हणजे ये, ये, ये, आणि शेवटी पंजा दाखवून "ओप!", की ट्रक थांबला. दोन ट्रकांच्या मधे हातभर पण जागा सोडत नाहीत. मी एका ट्रकवाल्याला बघत होते, त्याने एका हातात कॉफीचा ग्लास धरून दुसऱ्या हाताने ते धूड आत नेऊन लावलं, एकदाही पुढे-मागे न करता.

आणि त्या ट्रकांत काय होतं ते बघण्यासारखं होतं. दूध-दह्याचे थंड ट्रक, भाजीचे क्रेट, टाइल्सचे गठ्ठे, कुरियरच्या व्हॅन, खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी, एका पिकअपमधे दोरीने उभा बांधलेला फ्रिज आणि त्याच्या बाजूला दोन गाद्या. सासूबाई बराच वेळ गप्प बसून बघत होत्या आणि मग म्हणाल्या, "अगं, हे तर सगळं गावाचं वाणसामान चाललंय. आपण आपले नुसते वर बसणारे."

अगदी बरोबर बोलल्या आई. सीरोसला छोटा विमानतळ आहे, पण रोजचा माल विमानाने जात नाही. बेटावरच्या दुकानातली बिस्किटं, बांधकामाच्या टाइल्स, औषधं, सगळं असंच पिरेअसहून किंवा अथेन्सच्या दुसऱ्या बाजूच्या राफीना, लाव्रिओ या छोट्या बंदरांतून जहाजाच्या पोटात बसून येतं. म्हणून बेटावर वस्तू महाग पडतात, आणि त्यासाठी सरकारने २०१८ पासून एक योजना काढलीय, तेवढंच अंतर जमिनीवरून कापायला जो खर्च आला असता त्याच्यापेक्षा जास्त पडलेले पैसे बेटावरच्या लोकांना आणि धंद्यांना परत द्यायचे. शिवाय ज्या लहान बेटांवर फेरी चालवून कंपनीला काहीच सुटत नाही तिथे सरकार पैसे देऊन फेरी चालवायला लावतं, त्या मार्गांना ग्रीकमधे शब्दच आहे 'नापीक लाइन' असा. मला तो शब्द फार आवडला. पीक येत नाही म्हणून शेत टाकून देत नाहीत, तसं.

आता आतल्या सोयी. गॅरेजमधून वर जायला सरकता जिना आहे, आईंच्या गुडघ्याच्या दृष्टीने हा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट. मोठ्या बॅगा वर न्यायची गरज नाही, खालीच रॅक असतात आणि त्यावर बेटांची नावं लिहिलेली असतात, आपल्या बेटाच्या रॅकवर बॅग ठेवायची आणि वर जायचं. कुलूप वगैरे काही नाही, आमचं काही गेलं नाही, तरी पासपोर्ट आणि पैसे जवळच ठेवा. आतल्या हॉलमधे एसी इतका गार की पंधरा मिनिटांत आईंनी शाल काढली आणि वीस मिनिटांत त्या उठून बाहेरच्या डेकवर जाऊन बसल्या त्या शेवटपर्यंत. बाहेर बाकं आहेत, सावली पण आहे, फक्त लोक सिगरेटी फार ओढतात, त्यामुळे वाऱ्याची दिशा बघून जागा पकडा. संडास स्वच्छ होते, निदान पहिले दोन तास.

खाण्याचं: पालक किंवा चीज भरलेली पापुद्र्याची पाय (pie) मिळते, गरम असेल तेव्हाच घ्या, थंड झाली की पापुद्रा चामट होतो. थंड कॉफी चार युरोच्या आसपास होती आणि बाहेरच्यापेक्षा नक्कीच महाग. पण पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली पन्नास सेंटला मिळाली, कारण बंदरं, विमानतळ, जहाजं अशा ठिकाणी पाण्याचा भाव सरकारने बांधून दिलाय, आणि ही गोष्ट मला मनापासून पटली. आम्ही घरून, म्हणजे राहत होतो तिथून, ब्रेड-ऑम्लेट बांधून नेलं होतं, कुणी काही म्हणत नाही.

साडेसातची फेरी सात बेचाळीसला सुटली. बंदरातून बाहेर पडताना उजव्या बाजूच्या रेलिंगला उभे राहा, कारण तिकडे दूर पेरामाच्या दिशेला कंटेनर टर्मिनलच्या क्रेन दिसतात, रांगच्या रांग. इथे जरा थांबते कारण हा विषय महत्त्वाचा आहे. चीनच्या कॉस्को या सरकारी कंपनीने २००९ साली या टर्मिनलचे दोन धक्के चालवायला घेतले, ३५ वर्षांच्या कराराने. ग्रीस कर्जात बुडालेला असताना २०१६ मधे पिरेअस बंदर प्राधिकरणाचे ५१ टक्के शेअर त्यांनी २८ कोटी ५ लाख युरोला घेतले आणि २०२१ मधे आणखी १६ टक्के, म्हणजे एकूण ६७. कामगारांनी सुरुवातीला मोठे संप केले होते आणि अजूनही तो राग गेलेला नाही. पण आकडे बघा, २००९ साली इथे वर्षाला १० लाख कंटेनर पण होत नव्हते आणि २०१९ साली ५६ लाखांच्या वर गेले (वीस फुटी कंटेनरच्या हिशोबाने), भूमध्य समुद्रात त्या वर्षी पहिला नंबर. कारण साधं आहे, सुवेझमधून वर आलं की युरोपचं पहिलं मोठं खोल बंदर जवळजवळ हेच. मोठं जहाज इथे माल उतरवतं आणि छोटी जहाजं तो तुर्की, काळा समुद्र, एड्रियाटिककडे घेऊन जातात, थोडा रेल्वेने उत्तर मॅसेडोनिया-सर्बियामार्गे हंगेरीपर्यंत पण जातो. लाल समुद्रात हल्ले सुरू होऊन जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली तेव्हा त्याच कारणाने पिरेअसला फटका बसला, जे बंदर आधी लागायचं ते एकदम लांब पडलं.

आणि तरी, तिथे रेलिंगला उभं राहून मला जे जाणवलं ते सांगते. त्या क्रेनखालचे बहुतेक डबे एका जहाजातून उतरून दुसऱ्या जहाजात चढतात, आत काय आहे ते या शहराला कधी कळत पण नाही. बंदराला त्याचं भाडं मिळतं, काही हजार लोकांना काम मिळतं, ते खरंच. पण आमच्या पायाखाली गॅरेजमधे जे होतं, तो फ्रिज, त्या गाद्या, ते दूध, ते दुपारपर्यंत कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पोचणार होतं. पेपरात पिरेअस म्हणजे कॉस्को आणि बेटावर पिरेअस म्हणजे सकाळची फेरी. मला विचाराल तर ग्रीसच्या दृष्टीने दुसरं पिरेअस जास्त महत्त्वाचं आहे, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

पुढे डाव्या हाताला किनारा चालू राहतो आणि तासा-सव्वातासाने सूनिओचं टोक येतं, वर पोसायडनच्या देवळाचे पांढरे खांब. लांबून काडेपेटीच्या काड्यांएवढे दिसतात पण दिसतात, डाव्या बाजूला बसा. मग केया डावीकडे, किथ्नोस उजवीकडे, आणि त्यानंतर वारा खरा लागतो.

डेकवर आईंच्या शेजारी एक ग्रीक आजी बसल्या होत्या, काळे कपडे, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण आईंनी आपल्या गुडघ्यावर हात ठेवून दाखवला आणि त्या आजींनी कंबरेवर, आणि तिथून पुढे दोन तास दोघींचं व्यवस्थित चाललं होतं. आजींच्या नातवाला इंग्रजी येत होतं, तो म्हणाला की आम्ही तीनोसचे, सीरोसच्या पुढचं बेट, मोठ्या तपासणीसाठी अथेन्सला यावं लागतं, महिन्यातून एकदा हीच फेरी. आजींनी पिशवीतून सोललेलं संत्रं काढून आईंना अर्धं दिलं. आईंनी आपल्याकडचे खारे शेंगदाणे दिले.

सीरोस जवळ आलं की समोर दोन टेकड्या दिसतात, दोन्ही घरांनी भरलेल्या. डावीकडच्या टेकडीवर जुनं कॅथलिक गाव आनो सीरोस, उजवीकडे ऑर्थोडॉक्स चर्च, आणि खाली पाण्याला लागून एर्मूपोली. हेर्मीसचं शहर, म्हणजे व्यापाराच्या देवाचं. आणि नाव उगाच नाही दिलेलं. १८२० च्या दशकात तुर्कांविरुद्धच्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात ख्योस, प्सारा ही बेटं आणि स्मिर्ना शहर इथून जीव वाचवून पळालेले लोक इथे येऊन राहिले, त्यातले पुष्कळ मुळातले व्यापारी आणि जहाजवाले, आणि बघता बघता हे नव्या ग्रीसचं सगळ्यात मोठं बंदर झालं. धान्य, कापूस, कातडी, रेशीम, सगळ्याची इथे उलाढाल. तेव्हा पिरेअस? तिथे जवळजवळ काहीच नव्हतं! प्राचीन काळी थेमिस्टोक्लीस या अथेन्सच्या नेत्याने बांधलेलं एवढं मोठं बंदर, पण ते उजाड पडलं होतं. १८३४ मधे अथेन्स राजधानी झालं, १८६९ मधे ती रेल्वे आली (आपण सकाळी बसलो ती), १८९३ मधे कोरिंथचा कालवा उघडला, वाफेच्या जहाजांना मधे सीरोसला थांबायची गरज राहिली नाही, आणि सगळा धंदा हळूहळू पिरेअसला गेला. म्हणजे ही फेरी जिंकलेल्या बंदरातून निघून हरलेल्या बंदरात जाते. आधी वाचलेलं होतं, पण चार तास त्याच पाण्यावरून आल्यावर ते वेगळंच कळलं.

हरलं तरी मेलेलं नाही, हे महत्त्वाचं. फेरी धक्क्याला लागताना डावीकडे नेऑरिऑन शिपयार्ड दिसतं, १८६१ पासूनचं. कर्जात बुडून जवळजवळ बंद पडलं होतं, २०१८ च्या सुमाराला ओनेक्स कंपनीने घेतलं आणि परत जहाजं दुरुस्तीला यायला लागली. आम्ही उतरलो तेव्हा तरंगत्या गोदीवर एक मालवाहू जहाज पूर्ण पाण्याबाहेर उचलून ठेवलेलं होतं, तळाचा लाल रंग उघडा, आणि खाली शिडीवर उभी असलेली माणसं त्याच्यापुढे मुंगीएवढी. समोरच्या कॅफेत बसलं की घासकामाचा आवाज सतत येतो. काही पर्यटकांना तो त्रास वाटत असेल, मला तो आवाज ऐकून बरं वाटलं, गाव कामाला लागलंय असं. शिवाय सिक्लाडीझची सरकारी कचेरी, कोर्ट, दक्षिण एजियन प्रांताचं मुख्य ठाणं, एजियन विद्यापीठाचा एक विभाग, सगळं इथेच, त्यामुळे पर्यटक गेले की दुकानं बंद करून बसणारं हे बेट नाही.

गावाबद्दल थोडक्यात. मिआऊली चौकात संगमरवराची फरशी आणि समोर त्सिलर या वास्तुकाराने बांधलेला टाउन हॉल, एवढ्याशा बेटाला एवढा मोठा टाउन हॉल बघून जुन्या श्रीमंतीचा अंदाज येतो. अपोलो थिएटर १८६४ चं. पण वेळ कमी असेल तर इंडस्ट्रियल म्युझियम बघाच, तिथे एन्फिल्ड ८००० नावाची इलेक्ट्रिक कार ठेवलीय, छोटीशी दोन सीटची, आणि ती १९७० च्या दशकात या बेटावर बनत होती! बहुतेक गाड्या ब्रिटनला गेल्या. नवरा त्या गाडीपाशी अर्धा तास उभा होता. खायला सान मिखाली चीज, फक्त सीरोसवर बनतं, खारट-तिखट आणि जरा रवाळ. आणि लुकुमी ही मऊ मिठाई, गुलाबाच्या वासाची, धक्क्यासमोरच मिळते. पूर्वी टोपल्या घेऊन विक्रेते फेरीवर चढून विकायचे, आता दुकानात जायचं.

आता तक्रारी. परतीची फेरी वाऱ्यामुळे दोन तास लेट झाली. त्याबद्दल तक्रार नाही, वारा साधारण ८ बोफर्टला (वाऱ्याच्या जोराचं माप) पोचला की बंदराचे अधिकारी जहाजं सोडतच नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तक्रार ही की आम्हाला कुणी कळवलं नाही. तिकीट ज्या ऑनलाइन एजन्सीकडून काढलं त्यांनी बुकिंगमधे आमच्या नंबरऐवजी स्वतःचाच नंबर टाकला होता, त्यामुळे फेरी कंपनीचा मेसेज त्यांना गेला आणि त्यांनी तो आम्हाला पाठवला नाही. रात्री धक्क्यावर बोचऱ्या वाऱ्यात आईंना घेऊन बसावं लागलं. तिकीट काढताना तुमचा स्वतःचा नंबर गेलाय का ते बघा, किंवा सरळ धक्क्यावरच्या एजंटच्या दुकानातून काढा, भाव तोच असतो. आणि युरोपियन युनियनचा नियम आहे, सुटायला ९० मिनिटांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर पैसे परत मागता येतात किंवा दुसऱ्या फेरीने जाता येतं. हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

दुसरी तक्रार, परतीच्या जहाजावर सरकता जिना बंद होता. आईंना दोन मजले पायऱ्या चढाव्या लागल्या. लिफ्ट आहे हे वर गेल्यावर कळलं, पाटी एका दाराच्या मागे लपलेली. बरोबर वयस्कर माणूस असेल तर गॅरेजमधे शिरल्या शिरल्या पहिल्या खलाशाला लिफ्ट विचारा, नेऊन सोडतात. उतरताना पण घाई करू नका. घोषणा झाली की सगळे एकदम खाली गॅरेजमधे गर्दी करतात, ट्रकांची इंजिनं चालू, धूर, आणि दरवाजा उघडेपर्यंत दहा-दहा मिनिटं तिथेच उभं. जहाज शेवटच्या बंदरात थांबणार असेल, म्हणजे पिरेअसला परत येताना, तर शांतपणे शेवटी उतरा. बेटावर मात्र शेवटी राहू नका, तिथे खरंच निघून जातं.

एक मे ला जाऊ नका, संप असतो. एरवी पण खलाशांचे संप होतात, आधी जाहीर करतात, बातम्या बघत राहा. आणि परतीचं विमान असेल त्याच दिवशी फेरी ठेवू नका, एक रात्र मधे ठेवा. आम्ही ठेवली होती म्हणून वाचलो.

पिरेअसला पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. आम्ही वरच्या डेकवरून दरवाजा उघडताना बघत उभे राहिलो. आधी माणसं बाहेर पडली, मग गाड्या आणि शेवटी ट्रक, या वेळी सगळे रिकामे, मागे नुसते खडखडणारे क्रेट. बाजूच्या धक्क्यावर सकाळच्या फेरीचे भरलेले ट्रक आत्ताच येऊन लागले होते, ड्रायव्हर सीटवर झोपलेले. आई म्हणाल्या, "यांचं रोजचं हेच असणार गं," आणि खाली उभ्या असलेल्या खलाशाला त्यांनी हात केला. त्याने पण केला.